बुचाची बाटली

वाईन शॉपमध्ये जाऊन वाईन मागणारा त्या संध्याकाळचा मी पहिलाच माणूस होतो. मेडिकलवाल्याकडे कुणी काचेचा थर्मामीटर मागावा तसा काउंटरवाल्याचा चेहरा झाला. आहे, पण कुठं ठेवलाय ते आठवेना.

तिथवर मी पोचलो कसा ते आधी सांगायला हवं, कारण मी पिणारा माणूस नाही. न पिण्यामागं काही तत्त्व आहे असंही नाही. सवड मिळाली नाही, एवढंच.

मी वाळूजला एका कंपनीत आहे, टूलरूममध्ये, तपासणीला. सत्तावीस वर्षं झाली. कायम फर्स्ट शिफ्ट. बायको दीपमाला शहरातल्या सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे आणि तिची कायम नाईट. मुलगा लहान होता तेव्हा ही सोय आम्हीच लावून घेतली होती. दिवसा ती घरी, रात्री मी. नाईट मागून घेणारी बाई कुठल्याही वॉर्डाला हवीच असते, त्यामुळं तिची नाईट नंतर कुणी काढून घेतली नाही. सत्यम मोठा झाला, इंजिनीअर झाला, पुण्याला गेला. सोय राहिली.

बजाजनगरातल्या आमच्या रो-हाऊसमध्ये आम्ही दोघं एकत्र असतो ते दुपारी चार ते सहा. त्यातला पहिला तास मी झोपतो. दुसऱ्या तासात ती निघायच्या गडबडीत असते. कंपनीत एक माणूस मशीन सोडतो आणि दुसरा येऊन धरतो, त्याला रिलिव्हर म्हणतात. आमचं तसं आहे. निरोप फ्रिजवर चिकटवलेले असतात. ‘दूध तापवलं आहे.’ ‘गॅस संपत आलाय.’ ‘सत्यमचा फोन होता, बरा आहे.’ मागच्या वर्षी लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यानं पुण्याहून केक मागवून दिला. अर्धा मी रात्री खाल्ला, उरलेला तिनं सकाळी येऊन. दोघांनीही फ्रिजवर ‘छान होता’ लिहिलं.

तर सोमवारी कामावर निघताना, चपला घालता घालता ती म्हणाली, “माझी बढती निघालीय. सिल्लोडला. इन्चार्ज म्हणून. तिथंच क्वार्टर मिळेल. नको असेल तर पुढच्या सोमवारपर्यंत नकार लिहून द्यायचाय, नाहीतर त्याच दिवशी तिथं हजर व्हायचंय. तुमचं काय म्हणणं आहे?”

मी अर्धवट झोपेत होतो. म्हणालो, “तुला योग्य वाटेल ते कर.”

हे मी चांगल्या मनानं म्हणालो होतो. आजकालचे नवरे असंच म्हणतात, असं कुठंतरी वाचलंही होतं. चपलेचा पट्टा लावताना तिचा हात थांबला. मग पट्टा लागला आणि ती गेली. मशीनच्या आत काही तुटलं तर ते लगेच बंद पडत नाही, नुसता आवाज बदलतो. दार लागलं त्याचा आवाज तसा आला. मंगळवारी फ्रिजवर फक्त ‘दूध’ लिहिलेलं होतं.

ते ‘दूध’ वाचताना मला कळलं की तिनं सिल्लोडला जायला मला नको आहे. कळलं ते बरंच झालं, पण सांगायचं कसं? ‘जाऊ नकोस.’ दोन शब्द. कंपनीच्या बसमध्ये रोज घोकले. घरी आलो की झोप लागायची, उठलो की ती पर्स शोधत असायची. पर्स शोधणाऱ्या बाईला असलं काही सांगता येत नाही.

गुरुवारी कॅन्टीनमध्ये हे मी मुंजाबाला सांगितलं. मुंजाबा आमच्याकडं लेथवर आहे. त्याच्या घरी अजून मेंढरं आहेत, म्हातारा बाप राखतो. बायकोशी तो फोनवर भांडायला लागला की अख्खं कॅन्टीन जेवायचं थांबतं. म्हणजे त्यांच्यात बोलणं आहे.

“सोमनाथराव, तुम्ही शुद्धीत बोलणार नाय,” मुंजाबा म्हणाला.

“मग काय बेशुद्ध होऊ?”

“थोडं. मापात. वाईन आणा एक. वहिनीलाबी द्या. टीव्हीत नाय का, समोरासमोर बसत्यात, मेणबत्ती लावत्यात, अन् मग बोलत्यात.”

“तू प्यालायस का कधी वाईन?”

“म्या कशाला पिऊ? माझं बोलणं हुतंय की.”

टीव्हीवरून मला आठवलं. मागं एकदा मालिका बघताना दीपमाला म्हणाली होती, “ही माणसं हातात ग्लास धरून किती निवांत बोलतात, नाही?” मी म्हणालो होतो, “त्यांना त्याचे पैसे मिळतात.” आता मोजायला बसलो तर अशी वाक्यं बरीच निघतील.

रविवारी लग्नाचा वाढदिवस होता आणि तिची सुट्टीही, एरवी ती माझ्या रविवारला जुळत नाही. म्हणून शनिवारी सहा वाजता, ती कामावर निघाल्यावर, मी त्या दुकानासमोरच्या रांगेत उभा राहिलो. तिथं नोट पुढं करायची, दोन शब्द बोलायचे आणि खिसा फुगवून निघायचं, असा झपाट्याचा कारभार होता. माझा नंबर आला आणि कारभार थांबला.

“वाईन पाहिजे.”

“कोणती?”

“चांगली.”

“कितीपर्यंत?”

“स्वस्तातली चांगली.”

मागून आवाज आला, “ओ काका, उरका की! क्वार्टरला एवढा टाइम?”

“क्वार्टर नाही, वाईन घेतोय.”

“का? डॉक्टरनं सांगितली का?”

“बायकोसाठी,” मी म्हणालो. “लग्नाचा वाढदिवस आहे उद्या.”

रांगेत आठ-दहा माणसं असतील. त्यातल्या निम्म्यांनी तरी घरी दुसरीच काही कारणं सांगितलेली असणार. माझ्या मागच्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

“काकाला नीट दाखवा रे,” तो हळू आवाजात म्हणाला. “घाई नाय आमाला.”

मग सगळ्यांनीच मनावर घेतलं.

“लाल घ्या. रक्त वाढतं.”

“पोर्ट घ्या हो, गोड लागती. वहिनी नाय म्हणायच्या नाईत.”

“गोड कशाला? शुगर असली मंजे? शुगर हाय का वहिनीला?”

“नाही.”

“मग घ्या पोर्ट.”

“तुम्ही पिता का वाईन?” मी विचारलं. रांगेतल्या कुणीही आजवर प्यायलेली नव्हती. मत मात्र प्रत्येकाचं होतं, आणि पक्कं होतं.

काउंटरवाल्यानं वरच्या फळीवरून दोन बाटल्या काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि चष्मा नाकावर घेतला. “देखो साहेब, पहिलीच वेळ आहे ना? मग ही पांढरी न्या. थोडी गोडसर आहे. चांगली गार करा, जेवणाबरोबर घ्या. लाल तुरट लागते, तिची सवय व्हावी लागते. अन् हिचं झाकण फिरवलं की उघडतं. झंझट नाही. स्वस्तबी आहे.”

त्या विषयावर बोलायचा अधिकार असलेला तिथं तो एकटाच माणूस होता. म्हणून मी त्याचं ऐकलं नाही.

म्हणजे मी दोन्ही बाटल्या तपासल्या. सवयच ती. लेबल सरळ आहे का, पातळी बरोबर आहे का, तळाशी काही बसलंय का. पांढरीचं झाकण पत्र्याचं होतं, खोकल्याच्या औषधाला असतं तसं. लालला बुच होतं. पत्र्यापेक्षा बुच महाग, म्हणजे आतला मालही त्या मानानं बरा असणार, असा मी निष्कर्ष काढला. कंपनीत असा निष्कर्ष दुसऱ्या कुणी काढला असता तर मी रिपोर्ट परत पाठवला असता. शिवाय वाढदिवसाला खोकल्याचं औषध काय न्यायचं?

“लाल द्या.”

“ओपनर आहे ना घरी?”

“आहे,” मी म्हणालो. सोड्याच्या बाटलीचा होता. टूलरूमच्या माणसाला हत्यार आहे का विचारल्यावर तो दुसरं काय सांगणार?

त्यानं बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली. हेल्मेटवाला म्हणाला, “वहिनीला आमच्याकडून हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी.” मी आभार मानले. गेल्या वर्षभरात मला कुणी इतक्या आस्थेनं निरोप दिला नव्हता.

रविवारी चारला तिला सांगून टाकलं. “मी वाईन आणलीय.”

“कुणासाठी?”

“आपल्यासाठी.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पुढं येऊन कपाळाला हात लावला. ताप नव्हता. “किती वाजता घ्यायची?” तिनं विचारलं.

“सात?”

“जेवणाआधी का नंतर?”

“सोबत.”

“बरं,” ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

सातला मी टेबलावरची इस्त्रीची चादर आवरली. लाईट गेल्यावर लावायची अर्धी मेणबत्ती वाटीत उभी केली. शेंगदाणे भाजून ठेवले. दीपमालानं भरली वांगी केली होती आणि निळी साडी नेसली होती. ती माझ्यासमोर बसली. आमच्या घरातलं टेबल चार माणसांचं आहे, पण समोरासमोर दोन माणसं बसली की ते असं दिसतं, हे मला नवीनच होतं.

बाटलीवरचा कागद काढला आणि मला बुच दिसलं. म्हणजे ते कालही दिसलं होतं, पण काल ते दर्जाची खूण होतं. आज ते नुसतं बुच होतं, मानेच्या आत, काठाशी बरोबर पातळीत बसवलेलं. बसवणाऱ्यानं काम चोख केलं होतं. सोड्याच्या ओपनरला तिथं काही धरायलाच नव्हतं.

मग मी ड्रॉवरमधून एक इंची स्क्रू आणि पकड आणली. हा मार्ग बरोबर होता, स्क्रू आखूड होता. पकडीनं ओढला तर स्क्रू तेवढा बाहेर आला, त्याच्याबरोबर चिमूटभर भुसा. दोनदा केलं. दोनदा भुसा. कंपनीत माझ्या कपाटात असल्या कामाची बारा हत्यारं आहेत. ती कंपनीत आहेत. हॉस्पिटलात तिला रात्रभर जे दिसतं ते मी कधी पाहिलेलं नाही, आणि मी कामावर काय करतो हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आता तिला वाटत असणार की हेच करतो.

“आत ढकलतो,” मी शेवटी म्हणालो आणि चमच्याची दांडी हातात घेतली.

“थांबा,” दीपमाला म्हणाली. “तो भुसा सगळा आत जाईल. द्या इकडं.”

तिनं बाटली उजेडाकडं धरली, बुचावरून नख फिरवलं आणि उठून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात डबा होता. गल्लीतले लोक इंजेक्शन टोचून घ्यायला येतात, त्यासाठी ती घरी एक डबा ठेवते. त्यातून तिनं वीस सीसीची सिरिंज काढली आणि एक लांब सुईचं बंद पाकीट. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी पाठीत भूल द्यायला दोन सुया बाहेरून आणायला लावल्या होत्या, त्यातली ही उरलेली.

“एक्स्पायरी दोन महिन्यांनी आहे,” पाकीट बघून ती म्हणाली. “चालेल.”

तिनं हात धुतले. बुच स्पिरिटनं पुसलं. सुई सरळ आत घातली, सावकाश, अंगठ्यानं दाब देत. मग सुईच्या पोकळीतली बारीक तार काढली, सिरिंज लावली आणि दट्ट्या दाबला.

“काय करतेस?”

“हवा सोडते. बंद बाटलीतून काढायचं तर आधी तेवढी हवा आत सोडायची. नाहीतर ओढता येत नाही.” तिनं बाटली उलटी केली आणि दट्ट्या मागं ओढला. सिरिंजमध्ये गडद लाल वाईन चढायला लागली. ती बरोबर वीसच्या रेघेवर थांबली. “बघा. रक्त काढल्यासारखं दिसतंय.”

मी चहाचे दोन काचेचे ग्लास पुढं केले. तिनं एकात दहा सोडले, दुसऱ्यात दहा.

ग्लासाच्या तळाला लाल टिकली लावल्यासारखी वाईन होती. आम्ही ग्लास ग्लासाला लावले आणि प्यायलो. जांभळाची बी चुकून चावली जावी तसं लागलं.

“लोहाच्या टॉनिकसारखं आहे,” ती म्हणाली.

“दुकानदार पांढरी घ्या म्हणत होता. गोडसर.”

“मग?”

“तिला झाकण होतं.”

तिचे खांदे हलले. हसत होती. पुन्हा वीस काढले. मग आणखी वीस. दर खेपेला आधी हवा, मग वाईन. घाई करायचा प्रश्नच नव्हता, तिची पद्धतच तशी होती. एका घोटाला दोन-तीन मिनिटं जायची आणि त्या वेळात समोरचा माणूस दुसरीकडं जाऊ शकत नव्हता, कारण बाटली मी धरलेली होती आणि सुई तिनं.

चौथ्या खेपेला ती हवा सोडत असताना मी म्हणालो, “जाऊ नकोस सिल्लोडला.”

तिनं दट्ट्या पूर्ण आत नेला. मग विचारलं, “का?”

याची तयारी मी केली नव्हती. बसमध्ये दोनच शब्द घोकले होते.

“दुपारी घरात कुणी नसेल,” मी म्हणालो.

“दुपारी तुम्ही झोपलेले असता.”

“तू भांडी घासतेस. आवाज येत असतो.”

“त्यानं झोपमोड होत असेल.”

“नाही. त्यानं झोप लागते.”

सिरिंज भरली. तिनं ती ग्लासात रिकामी केली नाही. तशीच उभी धरून बसली, सुई बुचात, बाटली माझ्या हातात. मेणबत्तीचं मेण वाटीतून टेबलावर उतरत होतं आणि आम्हा दोघांचेही हात अडकलेले होते.

“हे सोमवारी बोलायचं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“सोमवारी म्हणाला असतात ना, तर मी मंगळवारी नकार देऊन टाकला असता. लिहून तयार होता. पर्समध्ये आहे अजून.”

“मग उद्या दे.”

“नाही.” तिनं दोन्ही ग्लासांत सारखं माप सोडलं. “आठवडाभर विचार केला मी. तिथं इन्चार्जला दिवसपाळी आहे. सकाळी नऊ ते पाच. बावीस वर्षं झाली, मला रात्रीची झोपायचंय. अंधार पडल्यावर. लोक झोपतात तसं.”

सिल्लोडला दिवसपाळी असते, हे मला माहीत नव्हतं.

“सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाही. योग्य वाटेल ते कर म्हणालात.”

मी ग्लास उचलला. तो लवकर संपला, दहा सीसी ते किती पुरणार?

“म्हणजे मी गप्प बसलो ते बरं झालं,” मी म्हणालो.

“बरं नाही झालं,” दीपमाला म्हणाली. “पण झालं.”

मग आम्ही वांगी खाल्ली. वांग्याबरोबर ती वाईन अजिबात जात नव्हती, तिनं वांगीही बिघडवली. जेवताना ती हिशेब सांगत होती. शनिवारी पाचला सुटेल, आठपर्यंत बसनं घरी, सोमवारी पहाटे परत. रविवार पूर्ण. मीही मनात मांडून पाहिलं. आत्ताचे रोजचे दोन तास, त्यातली माझी झोप आणि तिची गडबड वजा केली, तर शिल्लक फारशी उरत नव्हती. शनिवार-रविवारचे तास कितीतरी जास्त भरत होते. कागदावर आमचा फायदा होता. असे फायदे कंपनीही आम्हाला दर वर्षी दाखवते.

बाटली पाऊणपेक्षा जास्तच भरलेली राहिली. तिनं सुई काढली, बुचाचं भोक आपोआप मिटलं. मग डब्यातली पांढरी चिकटपट्टी फाडून बाटलीवर लावली आणि पेननं तारीख, वेळ आणि काढलेलं माप लिहिलं. वॉर्डात अर्धी वापरलेली बाटली अशीच ठेवतात म्हणे. खाली सही केली. बाटली फ्रिजमध्ये दह्याच्या मागं ठेवली.

“शनिवारपर्यंत राहील?”

“बुच आहे ना तुमचं. राहील,” ती म्हणाली.

सोमवारी मी आयुष्यात पहिल्यांदा अर्धी रजा टाकली. एक सुटकेस, डबा आणि उशी घेऊन तिला सिल्लोडच्या बसमध्ये बसवून दिलं. उशी तिची तिनंच काखेत धरली होती. खिडकीतून म्हणाली, “वांगी आहेत अजून, संपवा.” बस हलली. कंडक्टरनं तिला उशीचंही तिकीट काढायला लावलं की काय, माहीत नाही, पण दोघं कशावरून तरी बोलत होते.

कंपनीत मुंजाबानं विचारलं, “झालं का बोलणं?”

“झालं.”

“मग? राहिल्या का वहिनी?”

“गेली.”

तो लेथ बंद करून माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, “वाईन चांगली होती.” हे खोटं होतं, पण सल्ला त्याचा होता.

चारला घरी आलो. आडवा झालो. झोप येईना. फ्रिजवर अजून तोच कागद होता, ‘दूध’ लिहिलेला. उठून स्वयंपाकघरात गेलो, बेसिनमध्ये माझं सकाळचं ताट आणि एक पातेलं होतं. नळ सोडला आणि ती दोन भांडी घासली, जरा जोरातच. मग पातेलं ताटावर आपटून पाहिलं.

आवाज तसा येत नव्हता. शनिवारी ती आली की विचारेन कसं करते ते.